पॉइंट सहासष्टचा रविवार

१४५ मेगाहर्ट्झचे दोन अँटेना एकत्र जोडायचे, एवढंच काम होतं. दोन्ही ५० ओहमचे. त्यांना सांधायला ७५ ओहमच्या केबलचे पाव तरंगलांबीचे दोन तुकडे लागतात. हवेत पाव तरंगलांबी येते ५१.७ सेंटिमीटर. पण केबलमध्ये शिरली की रेडिओलहर सुस्तावते. ती धावते तांब्यातून नव्हे, तर मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामधल्या प्लास्टिकातून, आणि प्लास्टिक तिला पळू देत नाही. प्रकाशाच्या वेगाच्या किती पट पळू देतं, तो आकडा म्हणजे व्हेलॉसिटी फॅक्टर. आत सॉलिड पॉलिइथिलीन असेल तर ०.६६. फोम असेल तर ०.८०च्या आसपास, कधी त्याच्याही वर. म्हणजे माझा तुकडा एकतर ३४ सेंटिमीटरचा, नाहीतर ४१-४२चा.

माळ्यावरची केबल ७५ ओहमची आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाकी तिच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. वरची छपाई पार उडालेली. टोक सोलून आतलं प्लास्टिक नखाने दाबून पाहिलं. फोम दबतो, सॉलिड दबत नाही, असं म्हणतात. माझं नख दबलं.

मग ठरवलं, मोजायचंच. पद्धत तशी सोपी आहे. केबलचं दूरचं टोक मोकळं सोडायचं, जवळचं टोक ॲनालायझरला, म्हणजे माझ्या नॅनोव्हीएनए नावाच्या छोट्या मोजयंत्राला, लावायचं. ज्या फ्रीक्वेन्सीला केबल बरोबर पाव तरंगलांबीची होते, तिथे मोकळं टोक इकडून शॉर्ट असल्यासारखं दिसतं आणि स्क्रीनवरच्या आलेखात खोल डिप, म्हणजे खड्डा, येतो. ती फ्रीक्वेन्सी गुणिले लांबी गुणिले चार, भागिले प्रकाशाचा वेग. झालं. चौथीतल्या मुलाला जमेल. चौथीतल्या मुलाकडे फक्त नॅनोव्हीएनए नसतो.

नॅनोव्हीएनए आधी कॅलिब्रेट करावा लागतो. त्यासाठी ओपन, शॉर्ट आणि लोड अशी तीन इवलीशी टोपणं येतात. ओपन सापडलं. शॉर्ट सापडलं.

"अगं, माझा लोड कुठे गेला?"

"दिवाणावर आहे की!"

"तो नव्हे गं. छोटा. सोनेरी."

"अहो, सोनेरी लोड आपल्याकडे कधी होता?"

अर्ध्या तासाने तो कपाटाखाली सापडला. तोवर बॅटरी घेऊन मी फरशीवर पालथा, आणि खरा लोड माझ्या हनुवटीखाली. तिने आणून दिला होता. कामी तर आला.

आता लांबी. केबल हॉलमधून पॅसेजमार्गे थेट गॅलरीपर्यंत सरळ पसरली. घरातली स्टीलची टेप नेमकी अशा दिवशी बेपत्ता असते, म्हणून बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. दीड मीटरची. सहा वेळा पूर्ण लावली, प्रत्येक वेळी पेन्सिलने खूण केली, सातव्यांदा एक मीटर. बरोबर दहा मीटर! इतका गोल आकडा आला की मी खूष झालो. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

डिप आला १०.०३ मेगाहर्ट्झला. गणित केलं. उत्तर १.३४.

पुन्हा केलं. १.३४. म्हणजे आमच्या पॅसेजमध्ये सिग्नल प्रकाशाच्या सव्वापट वेगाने, किंबहुना त्याहूनही जोरात, धावत होता. पाच-एक मिनिटं मी आइनस्टाईनकडे जरा सहानुभूतीने पाहिलं. मग पुढचे डिप तपासले. २०.०६, ३०.०९. इथे मात्र पोटात गोळा आला. टोक मोकळं असेल तर डिप एकपट, तिप्पट, पाचपट असे विषम पटीत यायला हवेत. माझे एकपट, दुप्पट, तिप्पट. हे तर टोक शॉर्ट असल्याचं लक्षण. तसं असेल तर पहिला डिप पाव नव्हे, अर्ध्या तरंगलांबीला येतो आणि उत्तर दामदुप्पट निघतं.

गॅलरीत जाऊन भिंग लावून टोक पाहिलं. जाळीतली तांब्याची एक तार, केसापेक्षा बारीक, वळून मधल्या तारेला गळामिठी घालून बसली होती. सकाळी नखाचा प्रयोग करायला मीच ते टोक सोललं होतं. चिमट्याने तिला उचकटली, परत आलो, वाटेत केबलमध्ये पाय अडकला, ते सोडा. डिप ५.०२ला. उत्तर ०.६७.

०.६७! सॉलिड पॉलिइथिलीन! पण तो वरचा एक शतांश कुठून आला? तेवढ्यासाठी मी कनेक्टरची लांबी धरून पाहिली, वजा करून पाहिली, पुन्हा कॅलिब्रेट केलं. एवढ्यात बायको टेप डब्यात ठेवायला आली.

"हिने मोजलंत? हिची पुढची दोन सेंटिमीटर कापलेली आहेत. मी आपली धरूनच चालते."

सात वेळा लावली, सात दुणे चौदा. केबल दहा मीटर नव्हतीच, ९.८६ होती. पुन्हा गुणाकार, पुन्हा भागाकार. ०.६६. तुकडा ३४.१ सेंटिमीटर.

संध्याकाळी रेडिओवर एक ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, भेटले. मी त्यांना अख्खा रविवार ऐकवला. विषम पटीतले डिप, दोन सेंटिमीटरची दुरुस्ती, सगळं. १.३४चा भाग तेवढा गाळला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान. पण अरे, त्यासाठी फॅक्टर कशाला हवा? ५२ सेंटिमीटरचा तुकडा काप. त्याहून लांब तो कधी लागणारच नाही. एक टोक नॅनोला लाव, दुसरं मोकळं सोड, आणि १४५ला डिप येईपर्यंत थोडं थोडं छाटत जा. शेवटी मात्र जपून, एका मिलिमीटरला डिप ०.४ मेगाहर्ट्झने सरकतो. दहा मिनिटांचं काम."

मी बोलायचं बटण दाबलंच नाही. तेव्हा तेच पुढे म्हणाले, "आणि हो, छाटताना टोकाकडे लक्ष ठेव. जाळीची एखादी तार मधल्या तारेला चिकटली, तर भलताच आकडा येतो."

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो.