जवाईबापू डोंग्यात

नवतपात घराबाहेर पडू नये हे आमच्याकडे बकऱ्यांनाही कळतं. 25 मेला सूर्य रोहिणीत शिरला की पुढचे नऊ दिवस भंडारा जिल्ह्यात भर दुपारी हिंडताना दिसतो तो फक्त वीजबिल वाटणारा. ब्रह्मपुरीचा पारा 46 वर गेल्याची बातमी आम्ही कूलरसमोर बसून ऐकतो आणि ‘बापा, कसे राहत असतील तिथले लोक’ म्हणून हळहळतो. ब्रह्मपुरी आमच्यापासून फार लांब नाही.

अशा नवतपात, सकाळी साडेदहा वाजता, मी गावतलावाच्या मधोमध डोंग्यात बसलो होतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि अंगात नारिंगी रंगाचं लाईफ जॅकेट. डोंग्याखाली पाणी टोंगळ्याच्या वर चार बोटं.

यामागचं कारण डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला बसलं होतं. आमचे जवाईबापू. मूळचे ठाण्याचे, आता कॅनडात थंडर बे नावाच्या गावी, लेक सुपीरियरच्या काठी. त्या सरोवराची सगळ्यात खोल जागा 406 मीटर आहे, हे त्यांनी मला आल्या दिवशीच सांगितलं. आपला तलावही नजरेखालून घालावा म्हणाले. मी घातला. म्हणजे पाळीवर उभं राहून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “बाबा, बाकीचा कुठे आहे?”

बाकीचा धानात गेला होता. आमचा तलाव मालगुजारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारीच्या, काळातला. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला, धान पिकवायला. मालगुजारी 1950 च्या कायद्यानं गेली, तलाव तेवढा राहिला, आणि दरवर्षी मे महिन्यात तोही जातो की काय असं वाटतं. तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराजवळ, एक खोलगट जागा आहे, तिथं पुरुषभर पाणी टिकतं. बाकी सगळीकडे चिखल, कमळ आणि बेशरमाची झुडपं.

जवाईबापूंना छंद लेक ट्राउट नावाच्या मासोळीचा. मला हे प्रकरण आवडलं, खोटं कशाला बोलू. ही थंड पाण्याची मासोळी. दहा अंशांच्या आसपासचं पाणी तिला मानवतं. उन्हाळ्यात सरोवराचं वरचं पाणी तापतं, पण खालचं तसंच गार राहतं. वरचं हलकं, खालचं जड, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मग ही बाई तळ गाठते, साठ फूट, शंभर फूट, आणि तिथं आरामात राहते. तिला पकडायला डोंगा बरोबर वर उभा करायचा, शिशाचं डोकं असलेलं पांढरं रबरी आमिष सरळ तळापर्यंत सोडायचं, दांडी उचलायची, सोडायची, उचलायची, सोडायची. याला जिगिंग म्हणतात. सोबत मासे दाखवणारं यंत्र असतं. आपलं आमिष त्यात एक रेघ होऊन दिसतं, आणि मासोळी मागं लागली की दुसरी रेघ तळातून वर निघते. त्या वेळी थांबायचं नाही, उलट भरभर गुंडाळायचं. पळणारं दिसलं की ती अजून चवताळते. ग्रेट बेअर नावाच्या सरोवरात 1995 साली एकानं 72 पौंडांची धरली होती. म्हणजे जवळजवळ तेहतीस किलो. हे ऐकून बायको म्हणाली, “मग तिकडंच का नाही धरत?”

पण हे बायको एकांतात बोलली. समोर नाही. कारण जवाईबापूंना बोलावलं होतं तिनंच. यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागला. धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, त्याला अनारसे घालायचे, धोतर-उपरणं द्यायचं, आणि तो म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही. विष्णूला पहिल्याच आठवड्यात मत्स्यावतार आठवेल हे कोणाच्या पंचांगात नव्हतं.

त्यात दुसरी अडचण. आमच्या घरी अधिकात मासोळी शिजत नाही. शिजायची राहू द्या, तिचा वासही उंबऱ्याच्या आत चालत नाही. बायकोनं तसं स्वच्छ सांगितलं. तर जवाईबापू हसून म्हणाले, “आई, काळजी नको. मी मासे आणत नाही. पकडतो, फोटो काढतो, सोडतो.”

बायकोला वाटलं, थट्टा करताहेत.

खरा पेच संस्थेत पडला. तलाव ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे लिजवर आहे, बीज त्यांचं, मासोळी त्यांची. रीतसर परवानगी काढायला मी गेलो. अध्यक्षांनी विचारलं, “किती किलो नेता, गुरुजी?”

“एकही नाही.”

“मंग?”

“धरून सोडून देणार.”

बैठकीत शांतता पसरली. चोरी समजते, हौस समजते, फुकट खाणारे पाहुणे तर नेहमीचेच. पण हे कशात बसेना. एकजण म्हणाला, “सोडाचीच हाय तं धरता कायले?” मी जवाईबापूंचं उत्तर दिलं, की त्यात आनंद असतो. दुसऱ्यानं मासे दाखवणाऱ्या यंत्राचं ऐकल्यावर आवाज खाली आणून विचारलं, “गुरुजी, खरं सांगा, सर्व्हे तं नाय ना कोनता?” शेवटी डोंग्याचं भाडं दोनशे रुपये ठरलं, आणि संस्थेचा एक माणूस वल्हवायला अन् नजर ठेवायला सोबत येईल असं ठरलं. मला यायचं नव्हतं. पण तो म्हणाला, जवाई एकटा नेत नाय मी, काही झालं तं गावात तोंड दाखवाची सोय नाय. झालं. मी जामीन म्हणून बसलो.

पहाटे जाऊ म्हटलं तर जवाईबापूंचं शरीर अजून कॅनडाच्या घड्याळावर. शिवाय त्यांचं शास्त्र होतं, की उन्हाळ्यात मोठी मासोळी दिवसभर तळाशीच असते, वर ऊन किती याच्याशी तिला देणंघेणं नाही. तिला नसेलही. डोंग्याच्या फळ्या इतक्या तापल्या होत्या की मी आलटून पालटून एकेका मांडीवर बसत होतो. डोंग्यात पाणी झिरपत होतं, ते मी डालड्याच्या जुन्या डब्यानं उपसत होतो, आणि खरं सांगायचं तर तेवढंच एक गार काम होतं.

जवाईबापूंनी यंत्र पाण्यात सोडलं. पडद्यावर आकडा उमटला, 0.8 मीटर. त्यांनी यंत्र झटकलं. पुन्हा 0.8. “बिघडलं वाटतं,” ते म्हणाले. डोंगेवाल्यानं बांबू पाण्यात उभा केला, बाहेर काढून ओल्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “नाय जी. बराबर हाय.”

मग आम्ही तुडुमाजवळ गेलो. तिथं 2.1. जवाईबापूंचा चेहरा उजळला. आमिष सोडलं. चकरीचा दांडा दोनदा फिरायच्या आत ते चिखलात जाऊन बसलं. दांडी उचलली, सोडली, उचलली. पहिल्या उचलीत कमळाचा देठ आला. दुसऱ्यात बेशरमाचं मूळ. मग दांडी वाकली, रीळ करकरलं, जवाईबापू ओरडले, “बाबा, मोठा आहे!” आणि आम्ही तिघांनी मिळून कोणाचं तरी जुनं जाळं वर काढलं, विटांसकट. डोंगेवाल्यानं ते ओळखलं आणि निगुतीनं घडी घालून पायाशी ठेवलं. त्याची दोनशे रुपयांत चांगलीच बरकत झाली.

काठावर रोजगार हमीच्या बाया गाळ काढत होत्या. अकराला काम सुटलं तशा घरी जायच्या ऐवजी पाळीवर ओळीनं बसल्या. शिदोरी सोडली. एकीनं तोंडाला हात लावून हाळी दिली, “गुरुजीऽऽ, जवाई काय धुंडून रायले?”

“मासोळी!”

“अन् तुमी?”

“सावली!”

हसणं पाण्यावरून बरंच लांबपर्यंत ऐकू येतं.

मासोळी तळाशी नव्हतीच. आपल्याकडे उन्हाळ्यात उथळ तलावाचं पाणी वरपासून खालपर्यंत एकजात तापतं आणि त्यात प्राणवायू उरत नाही. ट्राउटला असं पाणी मिळालं तर ती घटकाभरात मान टाकेल. पण मरळ आपल्या मातीतली. तिला कल्ल्यांशिवाय हवा घ्यायची सोय आहे. ती थोड्या थोड्या वेळानं वर येते, तोंड बाहेर काढून श्वास घेते आणि पुन्हा कमळाच्या पानाखाली जाते. लेक सुपीरियरची मासोळी उन्हाळ्यात खाली पळते, आमची वर येते. हे मी जवाईबापूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सासऱ्याचं ऐकतात तसं, आणि आमिष पुन्हा तळाला सोडलं.

शेवटी चिखल धुवायला म्हणून त्यांनी दोरी वर घेतली आणि आमिष पाण्याच्या वरच्या अंगाला, पानांच्या कडेला, तसंच लोंबकळत ठेवून बाटलीतलं पाणी प्यायला लागले. तेव्हाच खळ्ळकन आवाज झाला.

बाटली पाण्यात गेली. दांडी वाकली ती थेट माझ्या दुपट्ट्याला लागली. मरळ बाहेर आली तेव्हा पाळीवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. हातभर लांब, काळी, अंगावर फिकट पट्टे, डोकं सापाचं. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्यानं दाबून ठेवलेला, त्यामुळं ती डोंग्यात पडताच सुटली आणि माझ्या फळीखाली शिरली. मी पाय वर घेतले. लाईफ जॅकेटमुळं मला खाली वाकता येईना. आणि जवाईबापूंना घाम फुटला, उन्हाचा नव्हे, काळजीचा. “लवकर! पाण्याबाहेर जास्त वेळ राहिली तर मरेल!” तिकडे खोल गार पाण्यातली मासोळी वरच्या तापलेल्या पाण्यात आणली की क्षणात सोडावी लागते, नाही तर वाचत नाही, असं ते धापा टाकत सांगत होते.

“नाय मरत,” डोंगेवाला म्हणाला. तो बिडी पेटवत होता. “बजारात टोपल्यात सांजपावतर जित्ती रायते. तुमी पानी प्या.”

त्यानंच ती फळीखालून ओढून काढली, डोक्याजवळ मुठीत धरून. फोटो झाले. उभा, आडवा, माझ्यासोबत, डोंगेवाल्यासोबत. मग जवाईबापूंनी तिला दोन्ही हातांनी पाण्यावर धरलं. डोंगेवाल्याची बिडी तोंडातच राहिली. भावात कधी न घसरणारी मासोळी, दीड किलोला कमी नाही, आणि हा माणूस तिला अलगद पाण्यात ठेवतो आहे. ती गेली. पाळीवरून ‘आयाऽऽ’ असा एकच सूर निघाला. कोणाच्या तरी घरची लेक विहिरीत पडली असती तरी इतका निघाला नसता.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जवाईबापू आत जाऊन कूलरसमोर आडवे झाले. बायको मागच्या अंगणात अनारशाचं पीठ पाहत होती.

“केवढी होती?”

मी कोपरापासून बोटांपर्यंत दाखवली.

“मरळच ना?”

“मरळच.”

“अन् सोडली.”

“सोडली.”

तिनं पिठावर झाकण ठेवलं. हात पदराला पुसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, जूनचं पान उचललं आणि बोट फिरवत म्हणाली, “सोमवारी पंधरा तारखेला अधिक संपते. यांचं तिकीट कवाचं हाय?”

“गुरुवारचं.”

“मंग मंगळवारी घेऊन जा त्यांना. डोंगेवाल्याले आजच सांगून ठेवा, अन् संस्थेले किलोमागं जे होईल ते देऊन टाका.” पान सोडून ती स्वयंपाकघराकडे वळली. “अन् फोटो तिथं नका काढू. इथं काढू. तव्याजवळ.”