कार्टूनला हाडामांसाचं करण्याची खात्रीशीर पद्धत

सर्वप्रथम अभिनंदन. अख्ख्या पिढीने शाळेतून आल्या आल्या दप्तरही न काढता बघितलेल्या कार्टून मालिकेचे हक्क तुमच्या हाती आले आहेत, आणि ती आता खऱ्या नटांना घेऊन करायची असं अंधेरीतल्या कुठल्याशा काचेच्या मीटिंग रूममध्ये ठरलंही आहे. का करायची, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. इतकी वर्षं लोक ती पुन्हा पुन्हा बघतात, म्हणजे तिच्यात काहीतरी राहून गेलं असणारच.

सुरुवात मूळ कर्त्यांपासून करा. त्यांना मुहूर्ताला बोलवा, नारळ त्यांच्याच हातून फोडा, प्रेस नोटमध्ये नाव ठळक छापा आणि त्यानंतर स्क्रिप्ट फक्त 'माहितीसाठी' पाठवत जा. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' या कार्टूनच्या खऱ्या नटांच्या मालिकेची घोषणा केली ती मूळ कर्त्यांना पुढे करून; २०२० मध्ये ते मतभेदांमुळे बाहेर पडले आणि २०२४ मध्ये मालिका त्यांच्याशिवाय आली. म्हणजे हे जमतं. 'वन पीस' या जपानी कॉमिकची मालिका करणाऱ्यांनी मात्र मूळ कर्ते एइचिरो ओदांना शब्द देऊन ठेवला होता की त्यांचं समाधान झाल्याशिवाय मालिका बाहेर काढणार नाही. वर केपटाऊनमध्ये खरीखुरी जहाजं बांधली. २०२३ मध्ये ती लोकांना आवडली, तो योगायोग समजा.

मग लेखन. मूळ मालिकेचा एक सीझन २० भागांचा, भाग २३ मिनिटांचा, म्हणजे साडेसात तासांहून जास्त ऐवज. तो दोन तासांत बसवायचा. गाळायचं काय, याचा नियम सोपा : ज्यात काही घडत नाही ते आधी. दोघं मित्र पारावर बसून चिंचा खातात, आजी ओरडते, गाढव हलायला तयार नाही, असले प्रसंग. घटना सगळ्या ठेवा. मग त्या घटना कुणावर गुदरताहेत हे प्रेक्षकाला कळायला वेळ उरत नाही, आणि ती उणीव पात्रांनी एकमेकांना माहिती सांगून भरून काढायची. 'तुला तर ठाऊकच आहे, शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावावर...' ठाऊक आहे तर सांगतोय कशाला, असं नटाने विचारलं तर नट बदला. त्याच 'अवतार'वरच्या २०१० च्या 'द लास्ट एअरबेंडर' सिनेमाने नेमके २० भाग १०३ मिनिटांत उरकले, आणि जाता जाता नायकाच्या नावाचा उच्चारही बदलला. खर्च शून्य, परिणाम कायमचा.

हिरो नऊ वर्षांचा आहे. कार्टूनमध्ये तो पंधरा वर्षं नऊच वर्षांचा असतो. तुम्ही आणलेला मुलगा शूटिंग चालू असतानाच वाढतो. शिवाय कायदा आहे. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस लागतो, सलग २७ दिवसांच्या पुढे काम नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदतठेवीत. आता तुमचं वेळापत्रक बारा तासांच्या शिफ्टचं. यावर दोन उपाय. एक, वेळापत्रक मुलाभोवती आखायचं : त्याचे क्लोजअप सकाळी, पाठमोरे शॉट दुपारी त्याच उंचीच्या डबलवर. हे करू नका, याला डोकं लागतं. दुसरा उपाय म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा घ्या आणि 'आमचा हिरो आता मोठा झालाय' असं पोस्टरवर लिहा. लहान मुलगा मोठ्यांना भारी पडतो ही त्या गोष्टीतली एकमेव गंमत त्यामुळे जाते. पण दाढी करायला सांगता येते.

आता केस. चित्रातले केस हे केस नसतात, ती आकृती असते. मिकीचे कान कुठूनही पाहिले तरी गोलच दिसतात, कारण चित्रकार दर वेळी ते गोलच काढतो. तुमच्या हिरोचे तीन उभे तुरेही तसेच : समोरून तीन, बाजूने तीन, पाठीमागूनही तीन. विगमेकरला हे जमणार नाही, कारण त्याला बिचाऱ्याला भूमिती पाळावी लागते. तरी त्याला मूळ चित्र द्या आणि म्हणा, 'सेम टू सेम पाहिजे.' तो लेसवर, म्हणजे बारीक जाळीवर, एकेक केस ओवून विग करेल, तुरे उभे राहायला आत तार घालेल, वरून स्प्रे मारेल. कपाळाशी लेस स्पिरिट गमने चिकटते. मे महिन्यात गोरेगावच्या चित्रनगरीत, दिव्यांखाली, घाम पहिल्यांदा येतो तो कानशिलांवर, आणि गम सुटायला लागतो तोही तिथेच. लेस उचलली जाते, क्लोजअपमध्ये कपाळावर जाळीची कड दिसते. मेकअपदादा टिश्यूने टिपून पुन्हा गम लावतो, आधीच्या गमचा पांढरा थर राहतो, त्यावर पॅनकेक. चौथ्या टेकपर्यंत मुलाचं कपाळ नुकतंच लांबी भरलेल्या भिंतीसारखं. यावर विगचे तीन सेट ठेवून अदलाबदल करणं हा शहाण्यांचा मार्ग. तुम्ही एकच करा आणि कड पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, पुसू म्हणा. 'पोस्टमध्ये बघू' हे दोन शब्द पाठ करून ठेवा, पुढे वारंवार लागतील.

उदाहरणार्थ उड्यांसाठी. कार्टूनमधला मुलगा कड्याच्या पुढे जातो, हवेत थांबतो, खाली बघतो, मग पडतो. ते थांबणं एक सेकंदाचं. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे बारा चित्रं. विनोद त्या बारा चित्रांत आहे आणि त्याला वजन नाही, म्हणून तो विनोद आहे. तुम्ही मुलाला हार्नेस, म्हणजे तारेला अडकवायचे पट्टे, बांधा. हार्नेसला तार लागते कमरेपाशी, त्यामुळे वर ओढला की आधी कंबर जाते, मग पाय लोंबकळत मागून येतात, मान पुढे पडते. स्वतः उडी मारणारा माणूस पायापासून सुरू होतो. हा कमरेपासून होतो, आणि बघणाऱ्याला का ते कळलं नाही तरी हा ओढलेला आहे एवढं कळतंच. चांगले फाइट मास्टर मुलाला तार ताणण्याआधी गुडघे वाकवून खरी उडी घ्यायला लावतात आणि त्या क्षणी दोर ओढतात. त्याच्या तालमीला दिवस जातात. तालीम कापा. नंतर तार फ्रेम-फ्रेमने पुसायची असतेच, त्यात पायही सरळ करू. २०१० च्या त्याच सिनेमात जादूने एक दगड हवेतून सरकवायला अर्धा डझन माणसं कवायत करतात. मूळ मालिकेत ते काम एकटा माणूस एका लाथेत करायचा. नटांना काम मिळालं, हेही थोडं नाही.

हिरोच्या धोतराचा रंग हिरवा असेल तर मागे हिरवा क्रोमा, म्हणजे नंतर कॉम्प्युटरवर गाळायचा एकरंगी पडदा, लावा. धोतर गायब होतं. लक्षात आल्यावर निळा लावा. तेव्हा मैत्रिणीचं परकर-पोलकं जातं, कारण ते निळं होतं. मूळ चित्रकाराने गडद, भडक, एकमेकांपासून लांबचे रंग निवडले होते, लहान पडद्यावर कोण कुठे आहे ते झटकन कळावं म्हणून. त्यांतला केशरी घ्या : मंगलदास मार्केटच्या कापडबाजारात तो साटीनमध्ये मिळतो. साटीन चमकतं, प्रत्येक चुणी दिव्याला उलटा डोळा मारते, आणि मूल गॅदरिंगला निघाल्यासारखं दिसतं. सुती कापड रंगवून, चार वेळा धुऊन, कोपर-गुडघ्याशी झिजवून घेतलं तर तोच केशरी अंगावरचा वाटतो. तितकं कशाला? शेवटी चित्राचे रंग ठरवणाऱ्या कलरिस्टला सांगा सगळंच राखाडी करायला. राखाडी केलं की वास्तववादी होतं आणि समीक्षक 'डार्क' म्हणतात.

माकड राहिलंच. हिरोचा जोडीदार माकड आहे आणि आपल्याकडे माकड, अस्वल, वाघ, बिबळ्या, सिंह यांना शिकवून कॅमेऱ्यापुढे खेळ करायला लावण्यास १९९८ पासून बंदी आहे. बाकीच्या प्राण्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाकडे अर्ज. (चित्रनगरीत रात्री राष्ट्रीय उद्यानातून चालत येणारा बिबळ्या विनापरवाना असतो, त्याला मानधनही नको असतं.) म्हणजे माकड कॉम्प्युटरवर. सेटवर त्याच्या जागी काठीला लावलेला टेनिसचा चेंडू. काठी स्पॉटदादाच्या हातात द्या. पहिल्या टेकला चेंडू खांद्याच्या उंचीवर असतो, तिसऱ्याला दादाचा हात भरून येतो आणि चेंडू छातीपर्यंत उतरतो. मुलगा इमानाने चेंडूकडेच बघतो. सहा महिन्यांनी माकड बसवलं की तो माकडाच्या पोटाशी गप्पा मारताना दिसतो. स्टँडवर चेंडू पक्का करून उंची फूटपट्टीने लिहून ठेवली तर हे टळतं.

त्याहून महत्त्वाचं, कॅमेरा-दिव्यांची प्रत्येक मांडणी संपली की व्हीएफएक्सचा, म्हणजे कॉम्प्युटरवरचं माकड करणाऱ्यांचा, पोरगा एक चकचकीत गोळा आणि एक करडा गोळा घेऊन धावत येतो आणि 'सर, एक मिनिट' म्हणतो. चकचकीत गोळ्यात आजूबाजूचा सगळा उजेड कुठून येतोय ते उमटतं, करड्यावर सावली किती गडद पडते ते कळतं; त्यावरूनच माकडाला तोच उजेड देता येतो. त्याला हाकला. सूर्य जातोय, चेंजओव्हर व्हायचाय, गोट्या खेळायला वेळ नाही. नंतर मुलावर ऊन डावीकडून आणि माकडावर उजवीकडून असलं, की प्रेक्षक म्हणतो, 'चिकटवल्यासारखं वाटतंय.' ते मिनिट तिथे दिलं नाही म्हणून.

गर्दीबद्दल एकच. कार्टूनमधलं गाव मोकळं असतं, कारण प्रत्येक जादा माणूस कुणाला तरी काढावा लागतो. त्या मोकळ्या रस्त्यावर एकटा मुलगा पळाला की नजर त्याच्यावरच. तुम्हाला ज्युनियर आर्टिस्ट मिळतात, तेव्हा दोनशे उभे करा. कोंबड्याही सोडा.

आवाजाची व्यवस्था मात्र मन लावून बिघडवा. 'सकाळ'मध्ये १९९१ साली सुरू झालेला चिंटू २०१२ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा एक सोय होती : कागदावरच्या पट्टीला आवाज नसतो, प्रत्येक वाचकाने आपापला लावलेला. तुमच्या हिरोचा आवाज लोकांच्या कानात पक्का बसलाय, आणि तो बहुधा एखाद्या बाईचा आहे. मुलांचे आवाज फुटतात, बायकांचे फुटत नाहीत. जपानी अभिनेत्री मासाको नोझावा 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूला १९८६ पासून आवाज देताहेत. १९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगलीची जपानी मालिका आली, त्यात हिंदी शेरखान नाना पाटेकर, शीर्षकगीत गुलजार यांचं आणि संगीत विशाल भारद्वाज यांचं. २०१६ चा हॉलीवूडचा 'जंगल बुक' वेगळ्याच कंपनीचा, त्यातलं जंगल लॉस एंजेलिसच्या एका गोदामात उभं केलेलं. पण हिंदी शेरखान पुन्हा नानाच, आणि गाणंही इथल्या प्रेक्षकांसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. परक्यांना जे समजलं ते तुम्ही समजून घ्यायलाच पाहिजे असं नाही. जुन्या आवाजाच्या बाईंना फोन करू नका. गाण्याचे हक्क वेगळे घ्यावे लागतात, ते घेऊ नका. रॅप करून घ्या. आणि सेटवरच ध्वनिमुद्रण करायचं तर शूटिंग जुलैत पत्र्याच्या शेडखाली लावा. पाऊस पडला की एकही संवाद वापरता येत नाही, मग सगळं डबिंगला, आणि तोवर मुलाचा आवाज फुटलेला.

एवढं झालं की टीझर सोडा. लोक माकडाच्या तोंडावरून बोंब मारतील. व्हिडिओ गेममधल्या 'सॉनिक'च्या सिनेमाबाबत २०१९ मध्ये हेच झालं : ट्रेलरमधले त्याचे माणसासारखे दात बघून लोक इतके भडकले की चेहरा नव्याने केला आणि सिनेमा नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर नेला. तुम्ही तोंड बदला, तारीख बदलू नका. तोंड बदलायचं म्हणजे मॉडेल, आतला सांगाडा, लव, हावभाव आणि त्यानंतर माकड असलेला प्रत्येक शॉट पुन्हा रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरकडून नव्याने काढून घ्यायचा. रात्रपाळीच्या मुलांना फोनवर सांगा, 'छोटासा चेंज आहे, दोन दिवसांत करून टाका.' करतील ते. बिल आलं की ९० दिवसांनी पेमेंट. ते ९० दिवस नक्की कुठल्या तारखेपासून मोजायचे, हे करारात लिहू नका.