एक स्टारला उत्तर: फॉर्मवर २५० वॉट लिहायला आम्ही नाही का म्हटलं

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुमच्या इलेक्ट्रिक युनिसायकलचा इन्शुरन्स काढायला आलात तर आम्ही नुसते कागद मागत राहिलो, प्रश्न विचारत राहिलो आणि शेवटी रस्त्यावरचं कव्हर मिळणार नाही म्हणून हात वर केले, तेच काम दुसऱ्या एजंटने दहा मिनिटात करून दिलं, शिवाय जर्मनीतल्या मित्राला ऑनलाईन लगेच मिळतं मग यांनाच का जमत नाही. स्टार तुमचे आहेत, किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. पण हे वाचून अजून चार जण तसलीच दहा मिनिटातली पॉलिसी घ्यायला धावतील म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी आधी गाडी काय आहे ते सांगतो. एकच चाक, दोन्ही बाजूला पाय ठेवायच्या पट्ट्या, पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते, हँडल वगैरे काही नाही. रिव्ह्यूसोबत फोटो तुम्हीच टाकलेत, त्यात चार्जिंग पोर्टच्या वरचं लेबल झूम केलं तर १००.८ व्होल्ट आणि मोटर २००० वॉट असं स्पष्ट वाचता येतंय, आणि दुसरा फोटो ॲपचा, टॉप स्पीड ५८. मशीन भारी आहे, त्यात वादच नाही. पण सगळी गोम तिथेच आहे.

भारतात नियम असा आहे की मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि टेस्टिंग एजन्सीचं अप्रूव्हल असेल तरच बॅटरीवरची ती गाडी मोटर वाहन धरली जात नाही, मग रजिस्ट्रेशन नको, लायसन्स नको, इन्शुरन्सही सक्तीचा नाही, हौसेने काढायचा तर काढा. त्याच्या वर गेलं की मोटर वाहन कायदा, १९८८ चा, आणि त्यातल्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी इन्शुरन्सशिवाय, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणाऱ्या इन्शुरन्सशिवाय, गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आता थर्ड पार्टी पॉलिसी काढायला कंपनी काय मागते, रजिस्ट्रेशन नंबर नाहीतर नवी गाडी असेल तर चेसिस नंबर, मोटर नंबर आणि मॉडेल, आणि ते मॉडेल अप्रूव्ह झालेलं पाहिजे. तुमच्या युनिसायकलला यातलं काहीच नाही आणि आरटीओत तिला बसवायला खानाच नाही. म्हणजे इन्शुरन्स सक्तीचा, पण तो काढायची वाटच नाही, असा हा विचित्र पेच आहे आणि तो आमच्या ऑफिसने तयार केलेला नाही. शोरूममधल्या इलेक्ट्रिक स्कूटरला पटकन मिळतो कारण ती अप्रूव्ह होऊनच आलेली असते, १ सप्टेंबर २०१८ पासून तर नव्या दुचाकीला पाच वर्षांचं थर्ड पार्टी एकदमच घ्यावं लागतं, त्याचा रेटसुद्धा मोटर किती किलोवॉटची आहे त्यावर ठरलेला असतो, कोणी डोकं चालवायचा प्रश्नच येत नाही.

आता ती दहा मिनिटातली पॉलिसी. तुम्हीच लिहिलंय की त्यांनी "इलेक्ट्रिक सायकल" म्हणून बसवून दिली. त्या फॉर्ममध्ये साधारण काय असतं सांगतो, फ्रेम नंबर, मोटरचे वॉट, कमाल वेग, पेडल असिस्ट (पेडल मारताना मोटरची मदत) आहे का. म्हणजे कोणीतरी तिथे २५० लिहिलं असणार, २५ लिहिलं असणार, आणि पेडल मारायची सोयच नसलेल्या गाडीला पेडल असिस्टपुढे टिक केली असणार. आणि खाली सही तुमची आहे, एजंटची नाही. हप्ता घेताना कोणी गाडी बघायला येत नाही हो, क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला सर्व्हेअर येतो. तो पहिला फोटो त्या लेबलचाच काढतो. मग कंपनीचं पत्र येतं की खरी माहिती दिली नाही सबब दावा नामंजूर, आणि त्या पत्राला विमा लोकपालाकडे आव्हान द्यायला गेलात तरी फॉर्मवरची चुकीची माहिती आडवी येणार.

आणि चोरी किंवा तूटफूट झाली तर एक वेळ स्वतःचं नुकसान म्हणून सोडून देता येईल, मला खरी भीती आहे ती चालत्या माणसाला धडक बसण्याची. तुमच्यासकट मशीनचं वजन शंभर किलोच्या पुढे, वेग पन्नासच्या वर, समोरच्याचं हाड मोडणं काही कठीण नाही. नीट मोटर पॉलिसी असेल तर निदान बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट कंपनीला सांगतं की आधी जखमी माणसाला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करायचे ते करा. सायकलच्या पॉलिसीवर असला आधार नाही. भरपाई थेट तुमच्या खिशातून. हे सगळं माहीत असून आम्ही २५० लिहून द्यावं आणि कमिशन घ्यावं? नाही जमणार, एक स्टार परवडला.

जर्मनीचं म्हणाल तर मित्राचं खरं आहे. तिथे २०१९ पासून उभं राहून चालवायच्या ई-स्कूटरला वेगळा नियम आहे, वेग ताशी २० पर्यंत, मागे इन्शुरन्सचा छोटा स्टिकर, दर वर्षी १ मार्चपासून नवा, ऑनलाईन मागवला की घरी येतो. पण त्याच नियमात धरायला दांडी असलीच पाहिजे असं आहे, म्हणून युनिसायकल तिथेही रस्त्यावर चालत नाही. तुमची गाडी त्या मित्राच्या गावी नेलीत तरी तोच नकार मिळेल. फ्रान्समध्ये युनिसायकल चालते, पण तिथेही मर्यादा २५ ची आणि इन्शुरन्स सक्तीचा, ५८ वाली नाहीच. ब्रिटनमध्ये तर स्वतःची ई-स्कूटर रस्त्यावर आणायलाच बंदी आहे, भाड्याच्या चालतात आणि त्यांचा इन्शुरन्स भाड्याने देणारी कंपनी काढते.

घराच्या पॉलिसीत बसवून टाका असंही तुम्ही सुचवलं होतं. बऱ्याच घराच्या पॉलिसीत मोटर वाहन सरळ वगळलेलं असतं, आणि एवढी मोठी लिथियम बॅटरी घरात चार्जिंगला लावताय तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, एवढंच आम्ही म्हटलं. फोनवर कोणी "हो चालेल" म्हटलं त्याला काही किंमत नाही. बॅटरीचं सर्टिफिकेट, बिल, सिरीयल नंबरचा फोटो हे सगळं त्यासाठीच मागितलं होतं, तुम्हाला छळायला नाही. ग्रे मार्केटमधून, म्हणजे अधिकृत विक्रेत्याशिवाय, घेतलेल्या मशीनचं पक्कं बिल नसतं हे आम्हालाही कळतं, पण बिल नसेल तर चोरीच्या क्लेममध्ये गाडी तुमची होती हेच सिद्ध होत नाही, तिथे आम्ही काय करणार.

आणि नुसता नकार देऊन पाठवलं हे मात्र खरं नाही. पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर घ्या असं सांगितलं होतं, ते गाडीला नसतं, माणसाला असतं. मृत्यू, कायमचं अपंगत्व, काही प्लॅनमध्ये काम बंद राहिलं तर आठवड्याचे पैसे. फक्त वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा, रेस लावली तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. तुमची मेडिक्लेम चालू ठेवा हेही सांगितलं होतं, त्यात धोकादायक खेळाचं कलम असतं पण ते व्यावसायिक खेळाडूंसाठी, हौसेने चालवणाऱ्याला हाडाच्या ऑपरेशनचा खर्च सहसा अडत नाही. आणि चालवायचीच तर खाजगी जागेत, मालकाची परवानगी घेऊन चालवा. हे तुम्हाला आवडलं नाही, समजू शकतो, एवढे पैसे घालून घेतलेली वस्तू कंपाउंडमध्ये फिरवायची म्हणजे जीवावर येतंच.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, राहू दे. पण त्या सायकलच्या पॉलिसीचा कागद एकदा काढून वॉट आणि वेगाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा, चुकीचं असेल तर कंपनीला स्वतः कळवा. नव्या पॉलिसीला पहिल्या काही दिवसात परत करायची मुदत असू शकते, अटींच्या पानावर लिहिलेलं असतं, मुदत उलटायच्या आत बघा. पर्सनल ॲक्सिडेंटचं कोटेशन तुमच्या मेलवर पडलंय, त्यात व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न हे दोनच रकाने भरायचे राहिलेत, भरून पाठवा, पुढचं आम्ही करतो.