बुचरचा दाखला देऊ नका

जातीवरून ओळख नको म्हणून बीडच्या पोलीस अधीक्षकांनी 2025 मध्ये पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. तेव्हापासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच पालुपद सुरू आहे : 'इंग्लंडमध्ये बुचर, म्हणजे खाटीक, असं आडनाव लावतात, कुणाला लाज वाटते का? मग आपणच का लपवायचं?' मी इंग्लंडात राहतो म्हणून साक्षीला मलाच ओढतात. तर ऐका.

आमच्या इप्सविचमध्ये बुचर म्हणजे इंग्लंडचा फुटबॉलपटू टेरी बुचर. 1989 मध्ये स्टॉकहोमला स्वीडनविरुद्धच्या सामन्यात त्याचं कपाळ फुटलं. टाके घातले, पट्टी बांधली आणि गडी खेळत राहिला. पांढरा शर्ट रक्ताने माखला होता. त्याचे पूर्वज खाटीक होते का, हे इथे कुणाच्या डोक्यातही येत नाही. बुचर आहे म्हणून कुणी घर नाकारत नाही, सोयरीक मोडत नाही. क्रिकेटमधला अॅलन बुचर इंग्लंडकडून एकच कसोटी खेळला, तीही 1979 ची ओव्हलची, गावसकरच्या 221 धावांची. त्याच्या मुलाने, मार्कने, 2001 मध्ये हेडिंग्लेला नाबाद 173 धावा करून ऑस्ट्रेलियाला हरवलं.

पण ग्रुपवरची बुचरांची यादी इथेच थांबते. गयानाचा बेसिल बुचर, ज्याची पहिली कसोटी 1958 मध्ये आपल्या ब्रेबॉर्नवर झाली, तो कुणाला आठवत नाही. रोलंड बुचरही नाही : जन्म बार्बाडोसचा, 1981 मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय. कॅरिबियनमध्ये कित्येकांना इंग्रजी आडनावं मिळाली ती गुलामीच्या मळ्यांवर. तेव्हा इंग्रजी आडनाव म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नाही.

मला इथे जीपीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या डॉक्टरच्या, रिसेप्शनवर आडनावाचं एकेक अक्षर सांगावं लागतं. लिहून घेतात, संपलं. त्यात मोकळं वाटतं, पण आपलं वाटत नाही. आपलं वाटतं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, 'तुम्ही मूळचे कुठले?' असं मराठीत कुणी विचारलं की. जीव सुखावतो. मग लगेच 'आडनाव?' येतं आणि पोटात गोळा येतो, कारण उत्तर ऐकल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो. इतक्या लांब येऊनही बदलतो. मला ही मोकळीक इंग्रजांकडून नकोय, ती आपल्या माणसांत हवी आहे.

यंदा स्वयंसेवकांच्या बिल्ल्यांवर फक्त पहिलं नाव छापा, असं मी मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध होईल. होऊ दे.