खुलासा : बहर संपला म्हणून शेवंती उपटू नका

साताऱ्यातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'शेवंती एकदाच फुलते. बहर संपला की झाड मेलं समजा, उपटा आणि नवीन कुंडी आणा.' हे खरं नाही.

शेवंती बहुवर्षायू आहे. फुलं गेल्यावर वरचा भाग वाळतो, पण बुंधा जिवंत असतो. वाळक्या फांद्या जमिनीपासून 3-4 इंचांवर छाटा आणि बुंध्यालगतची माती जरा उकरून पाहा. पांढरट-हिरवे कोंब दिसतील. त्याच काश्या. शेवंतीवाले शेतकरी पुढची लागवड त्यांच्यावर किंवा शेंड्याच्या छाटांवर करतात, दरवर्षी बी कोण आणतंय! उन्हाळाभर अर्धवट सावलीत त्या जगवा, पावसाळ्याच्या तोंडाला वेगळ्या करून लावा, महिन्याभराने शेंडे खुडा. काळ्या मातीत पाणी मात्र साचू देऊ नका, मुळं कुजतात.

दुसऱ्या वर्षी फूल आलं नाही म्हणून मेसेज पटला असेल, तर कुंडीवर रात्रभर गॅलरीचा दिवा पडतो का ते आधी बघा. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.