विभावरी शिरूरकर आणि ‘नवऱ्याने लिहून दिलेली’ पुस्तके

गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक मजकूर पाठवला आणि खाली विचारले, “हे खरे आहे का रे?” विभावरी शिरूरकर या नावाने गाजलेले लेखन मुळात लेखक विश्राम बेडेकरांचे होते, त्यांच्या गृहिणी पत्नीचे, म्हणजे मालतीबाईंचे, नाव त्याला मागाहून चिकटवले गेले आणि तसेही त्या लेखनात पांढरपेशा बायकांच्या रडकथांपलीकडे काही नव्हते, असा त्याचा एकूण सूर होता. मावशीने तीस वर्षे मराठी शिकवले आहे. तिलाही क्षणभर शंका यावी, याचाच मला अधिक राग आला.

‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली आला आणि मालतीबाईंचे बेडेकरांशी लग्न झाले १९३८ साली. पुस्तक निघाले तेव्हा त्या बाळूताई खरे होत्या आणि महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेत शिकून पुण्याच्या कन्याशाळेत शिकवत होत्या. स्वतः बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. लग्नाच्या पाच वर्षे आधीपासून भावी पत्नीसाठी पुस्तके लिहून देणारा आणि स्वतःची कादंबरी मात्र मागे ठेवणारा नवरा मजकूरकर्त्याला कुठे भेटला, हे त्यालाच ठाऊक. संग्रहातल्या एका कथेचे नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. ज्या घरात थोरली मुलगी शिकून कमावू लागते आणि तिचे लग्न मात्र लांबत जाते, त्या घरातला हा प्रश्न आहे.

एवढे मान्य करावे लागेल की टोपणनावामागे कोण आहे हे वाचकांना बराच काळ कळले नव्हते आणि बाई इतके धीट लिहीलच कशी, हा पुरुषच असणार, असे तेव्हाही काहींनी म्हटले होते. मजकुराने तीच जुनी शंका नव्याने शोधलेले सत्य म्हणून खपवली आहे.

‘साधी गृहिणी’ याबद्दल फार लिहीत नाही. वडिलांवरचे त्यांचे ‘खरेमास्तर’ वाचले, तर मुलींना शिकवण्यासाठी त्या घराने काय सोसले ते कळते.

रडकथांच्या आरोपाला मात्र ‘बळी’ हेच उत्तर आहे. ब्रिटिश सरकारने ज्यांना जन्मापासून ‘गुन्हेगार जमात’ ठरवले, त्यांच्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत मालतीबाईंनी १९३६ पासून काही वर्षे अधिकारी म्हणून काम केले आणि तिथली माणसे १९५० साली या कादंबरीत आणली. यातले पांढरपेशे कोण, ते मजकूरकर्त्याने दाखवावे.

राहिले टोपणनाव. तेही म्हणे बेडेकरांनीच सुचवले. बाळूताईंचे बालपण घोडनदीला गेले आणि घोडनदी म्हणजेच शिरूर. मावशीला एवढे लिहून पाठवले, तर तिचे उत्तर आले, “‘बळी’ माझ्या कपाटात आहे, उद्या काढते.”