घरबसल्या कामं कशी करावीत

बघा, एकदाचं सगळं ऑनलाइन झालंय, आता तालुक्याला चकरा मारायची काही गरज राहिली नाही. फक्त घरबसल्या कामं करायला घराबाहेर कसं पडायचं, एवढं शिकून घ्या.

सातबाऱ्यापासून धरा. पूर्वी तलाठ्याला हुडकत फिरावं लागायचं, सज्जावर कुलूप, मग तो कुठल्या हॉटेलात चहा पितोय ते विचारत जायचं. ते दिवस गेले. आता साइटवर 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा हातात. त्यासाठी तुम्ही सकाळच्या जीपनं जाऊन बसस्टँडसमोरच्या मल्टीसर्व्हिसेसमध्ये नंबर लावायचा. तिथं एक बारावी झालेलं पोरगं बसतं, एक लॅपटॉप आणि दोन मोबाइल, त्याला सर म्हणायचं बरं का, कारण तुमचा आधार नंबर, पासवर्ड, खात्यात किती हायेत आणि भावकीत कुणाशी वाद हाय हे सगळं त्याला पाठ असतं. कधी होईल असं विचारू नका. तो मान वर न करता म्हणेल, "सर्व्हर डाउन हाय मामा, चारला या." चारला लाइट जाते. तलाठ्याच्या नावानं निदान बोंब तरी मारता यायची, सर्व्हरच्या नावानं कुठं जाऊन मारणार? त्याला तर चहाही पाजता येत नाही.

मग पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे आपल्या पिकाची नोंद आपणच ॲपमध्ये करायची, आणि कल्पना चांगलीच हाय, त्यात मी खोट काढणार नाही. करायचं एवढंच, की आपल्याच गटात उभं राहून फोटो काढायचा, ॲपला अक्षांश-रेखांश जुळले पाहिजेत, आणि रानात रेंज नसते म्हणून आखाड्याच्या पत्र्यावर चढायचं, तिथंही नाही आली तर घरी येऊन माळवदावर जायचं, आणि हे सगळं शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी करायचं, कारण आख्खा महाराष्ट्र त्याच दिवशी करत असतो. राहून गेलं, तर चार एकर सोयाबीन कमरेएवढं उभं असलं तरी सातबाऱ्यावर तुमचं रान मोकळं. नंतर हमीभाव केंद्रावर माल नेला की हे सोयाबीन आणलं कुठून, ते तुम्हीच सांगत बसायचं.

भावाचं तर सोनं झालंय. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, हे बांधावर बसून मोबाइलवर दिसतं. लातूरचा भाव दिसतो, जालन्याचा दिसतो. पूर्वी मोंढ्यात जाऊन बुडालो तर ते घरी आल्यावर कळायचं, आता रेट बघत बघत बुडता येतं.

बायांसाठी वेगळा सल्ला. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये चालू ठेवायला केवायसी आली, तिला सुरुवातीला नवऱ्याच्या नाहीतर वडलांच्या आधारवरचा ओटीपी लागायचा. रांगेतल्या एका मावशीनं विचारलं, दोघंही वारले असतील तर? पोरगं म्हणालं, त्यांचा नंबर चालू हाय का बघा. आणि नवरा जिवंत असला तरी बीड जिल्ह्यातले धारूर-वडवणीकडचे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तो सांगलीकडं फडात, मोबाइल मुकादमाकडं चार्जिंगला, ओटीपीची मुदत काही मिनिटांची. राशनच्या मशीनवर दुसरीच कथा, कोयता धरून धरून बोटांचे ठसे झिजलेले, मशीन ओळखच देत नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, कोयता डाव्या हातात धरायची सवय करा, उजवा अंगठा केवायसीसाठी राखून ठेवा.

दुकानदारीत मात्र खरी क्रांती झाली. 2016 ला यूपीआय आलं तेव्हा वाटलं उधारी संपली. किराणावाल्यानं लाल वही माळ्यावर टाकली, क्यूआर लावला, बोलणारा डबा आणला, आता तुम्ही वीस रुपयाची पुडी घेतली तरी आख्ख्या गल्लीला ऐकू जातं. पण आपले लोक काय कमी हायेत का, दोन वेळा मोबाइल हलवायचा, आभाळाकडं बघायचं, "पैसे कट झाले पण तुला आले नाहीत वाटतं, नेट आलं की बघू" म्हणायचं आणि तेलाची पिशवी उचलायची. वही परत खाली आली. आता तिच्यात उधारीच्या रकमेपुढं "नेट" असं लिहितात.

राहिलं पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्याच वर्षी पाऊसकाळात फुकटचं फोरजी आलं, आणि आता मोबाइलला डेटा रोजच्या रोज दीड जीबी येतो, नळ आठ-आठ दिवस येत नाही. कधी येणार ते कळायला गावाचा व्हॉट्सॅप ग्रुप हाय. पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा, ती झोपलेल्यालाही ऐकू जायची. आता पाण्याचा मेसेज शोधायचा म्हणजे सरपंचाच्या पुतण्याच्या वाढदिवसाच्या साठ शुभेच्छा वर सरकवाव्या लागतात, त्यावरनं भांडणं झाली म्हणून ग्रुप फक्त ॲडमिनसाठी केला. ॲडमिन पुण्याला, चाकणच्या कंपनीत. इथं पंचायतीचा शिपाई व्हॉल्व्ह फिरवतो, तिकडं त्याला फोन लावतो, आणि तो कंपनीतली पाळी सुटली की ग्रुपवर टाकतो, "पाणी सुटले आहे, सर्वांनी भरून घ्यावे." नाइट असली की हे सकाळी दहाला येतं, नळ सातलाच गेलेला असतो. तरी खाली अंगठा द्यायला विसरू नका, कुणी कुणी दिला नाही ते तो बघतो.